आकाशातील सरवा

भाताची कापणी उरकली, भारे खळ्यावर गेले, की शेतात जे उरते त्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : सरवा. विळ्यातून निसटलेल्या, भारा बांधताना गळून पडलेल्या लोंब्या म्हणजे सरवा. तो वेचणारी माणसे मालकाकडे चिठ्ठी मागत नसत आणि त्यांना कोणी चोरही म्हणत नसे. मोशेच्या नियमशास्त्राने तर हा व्यवहार मालकाच्या मर्जीवरसुद्धा सोडला नाही. शेताच्या कडा अगदी टोकापर्यंत कापू नयेत, गळलेले पुन्हा गोळा करू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावे, असा दंडक लेवीय पुस्तकात घालून दिला आहे. आपल्या देशातही शेतात सांडलेले दाणे वेचून जगण्याला ‘उंछवृत्ती’ असे आदराचे नाव होते. अशा एका कुटुंबाने दिलेल्या मूठभर सातूच्या दानाला महाभारताने राजाच्या अश्वमेधाहून वरचे स्थान दिले आहे.

हा जुना शब्द प्रस्तुत लेखात आम्ही एका नव्या गोष्टीसाठी वापरू इच्छितो. रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल, वाय-फाय यांच्या लहरी आपल्याभोवती अहोरात्र पसरलेल्या असतात. त्या लहरींतून थोडीशी ऊर्जा वेचून घ्यावी आणि तिच्यावर लहान लहान बिनतारी यंत्रे चालवावीत, त्यांना ना तार असावी ना बॅटरी, असा प्रयत्न गेली अनेक वर्षे जगभर चालू आहे. हा विषय अभियंत्यांचा खरा. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपणा सर्वांचा आहे. जे सांडले आहे ते कोणाचे? ते उचलणे चोरी आहे, हक्क आहे, की कृपा आहे?

प्रथम ही गोष्ट घडते कशी ते पाहू. प्रक्षेपण केंद्राचा मनोरा चहूकडे लहरी फेकतो. त्यांपैकी श्रोत्यांच्या अँटेनांत पडतो तो अंश नगण्य असतो. उरलेली सारी ऊर्जा भिंती, झाडे, जमीन यांत मुरून जाते किंवा अवकाशात निघून जाते. मूठभर दाणे पेरण्यासाठी पोतेभर उधळावे, तसा हा प्रकार आहे. लहर अँटेनावर पडली की तारेत अतिशय क्षीण असा विद्युतप्रवाह उमटतो. तो क्षणाक्षणाला दिशा बदलत असतो. त्याला एकाच दिशेने वाहू देणारा घटक म्हणजे दिष्टकारी. अँटेनाला दिष्टकारी जोडला आणि पुढे वीज साठविणारे एक छोटेसे भांडे ठेवले, की थेंबथेंब वीज साठू लागते.

यातील मूळ युक्ती जुनी आहे. १९२० च्या दशकात जगभर घरोघरी वापरला जाणारा स्फटिक रेडिओ याच तत्त्वावर चालत असे. त्याला बॅटरी नसे. कानाला लावलेल्या फोनमधून जो आवाज येई, तो खुद्द त्या लहरीने आणलेल्या शक्तीवरच उमटे. मुंबईच्या केंद्राचे प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तो काळही हाच. या स्फटिकाची कथा तर थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक लहरी टिपण्यासाठी वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळाले. हे बोस कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली ती तेथील बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू फादर युजीन लाफाँ यांनी. ज्ञान ही खासगी मालमत्ता करावी हे बोसांना रुचत नव्हते. स्नेह्यांच्या आग्रहामुळेच त्यांनी हे पेटंट घेतले. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नव्हे. आकाशातील लहर कोणाची, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या सोबत आहे.

आता या सरव्याचे माप किती ते पाहू, कारण मापावाचून नीतीचा विचार हवेत राहतो. २००९ साली अमेरिकेतील सिएटल येथील दोन संशोधकांनी ४.१ किलोमीटर अंतरावरील दूरचित्रवाणीच्या मनोऱ्याकडे अँटेना रोखून तापमान व आर्द्रता दाखविणारे एक छोटे यंत्र चालविले. त्यांच्या पदरात पडलेली शक्ती होती ६० मायक्रोवॅट. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. आपल्या घरातील ९ वॅटचा एक एलईडी दिवा लावायचा, तर अशा दीड लाख अँटेना लागतील. १५ वॅट-तासांची मोबाइलची बॅटरी या झऱ्यावर भरायची म्हटली, तर सुमारे अठ्ठावीस वर्षे थांबावे लागेल. तेव्हा हवेतून मोबाइल फुकट भरून देण्याचे आमिष कोणी दाखविले, तर वाचकांनी खिशावर हात ठेवावा. सरव्याने कोठार भरत नाही. वेचणाऱ्याची त्या दिवसाची चूल पेटते, इतकेच.

पण ज्याची भूकच चिमणीएवढी आहे, त्याला एवढे पुरते. २०१३ साली सिएटलमधीलच एका विद्यापीठातील संशोधकांनी अशी दोन उपकरणे दाखविली, की जी स्वतःची लहर निर्माणच करीत नाहीत. दूरचित्रवाणीची जी लहर आधीच हवेत आहे, ती ती कधी परतवतात, कधी शोषून घेतात आणि त्या खुणेने एकमेकांशी बोलतात. अंगणात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडणारे मूल जसे सूर्याच्या प्रकाशाने खुणावते, तसेच हे. आपल्या गाडीच्या काचेवरील फास्टॅगही याच घराण्यातला. त्यात बॅटरी नसते. टोल नाक्यावरील यंत्र लहर सोडते, त्या लहरीतूनच चिपला शक्ती मिळते आणि तीच लहर परतवून टॅग आपला क्रमांक सांगतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावरील टोलसाठी तो सक्तीचा झाला. म्हणजे आपल्यापैकी अनेक कुटुंबे या विद्येचा उपयोग करीत आहेत.

आता प्रश्नाकडे वळू. हे वेचणे म्हणजे चोरी आहे काय? ख्रिस्ती नीतिशास्त्राने चोरीची व्याख्या जपून केली आहे : दुसऱ्याची वस्तू त्याच्या रास्त इच्छेविरुद्ध घेणे. या व्याख्येतील ‘रास्त’ हा शब्द महत्त्वाचा. प्रक्षेपण करणाऱ्याची इच्छाच मुळी अशी असते, की लहर सर्वांपर्यंत पोहोचावी. दूर कोठे तरी भिंतीत मुरणारी शक्ती एखाद्या तापमापकाने उचलली, तर त्याचे काही कमी होत नाही, श्रोत्याचेही होत नाही. येथे हरकत घेणारा मालक रास्त ठरणार नाही. शिवाय या शेताचा मालक कोण? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मनोरा कंपनीचा असेल, वीज कंपनीची असेल. आकाश मात्र कोणा एकाचे नाही.

परंतु याच व्याख्येची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. उच्च दाबाच्या वीजवाहिनीखाली मोठे वेटोळे पुरून कोणी दिवे लावू पाहील, तर तो सरवा वेचीत नाही. तो उभ्या पिकाला विळा लावतो. तेथे घेतलेली वीज तारेतूनच ओढली जाते आणि तिचा भार वीज कंपनीवर, म्हणजे अखेर इतर ग्राहकांवर पडतो. शक्तिशाली प्रक्षेपकाच्या अगदी लगत मोठी अँटेना उभारून जो ऊर्जा खेचतो, त्याचेही तसेच. त्याच्यामागे राहणाऱ्यांना लहर क्षीण मिळण्याचा संभव असतो. दोन्ही ठिकाणी हात तोच, युक्ती तीच. तरी एक सरवा आहे आणि दुसरी चोरी आहे. फरक ठरतो तो आपल्या उचलण्याने दुसऱ्याच्या ताटातले काही कमी होते की नाही यावर.

दुसरा प्रश्न ‘फुकट’ या शब्दाचा आहे. सरवा वेचणाऱ्याला तो फुकट मिळतो. पण तो फुकट पिकत नाही. नांगरणी कोणी तरी केलेली असते, चिखलात वाकून आवणी कोणी तरी केलेली असते. लहरींचेही तसेच आहे. मनोऱ्याला वीज लागते आणि आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशातून येते. तिची किंमत कधी करातून, कधी मासिक बिलातून आपणच भरतो. पूर्वी रेडिओ घरात ठेवायचा तर परवाना काढून पोस्टात पैसे भरावे लागत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो परवाना गेला, पण खर्च गेला नाही. म्हणून वेचणाऱ्याच्या ठायी दोन गोष्टी असाव्यात : पेरणाऱ्याची जाणीव, आणि आपण उद्याही याच शेतावर अवलंबून आहोत याचे भान. दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. अशा मनोऱ्यावर एखादे यंत्र जगत असते, तर त्या दिवशी ते मुकाट्याने उपाशी मेले असते आणि तक्रार करण्याचा हक्कही त्याला नसता. सरवा हा आधार आहे, वतन नव्हे.

येथे रूथची गोष्ट आठवावी. मवाबी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचण्यास आली, तेव्हा बवाजाने आपल्या गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाकीत जा. येथपर्यंत सरवा होता. या आज्ञेनंतर ते दान झाले. याचे नवे रूप २०१५ साली सिएटलच्या त्याच विद्यापीठात पाहावयास मिळाले. घरातील वाय-फाय यंत्र एरवी थांबत थांबत लहरी सोडते. त्यामुळे वेचणाऱ्या उपकरणाची वीज मधल्या विश्रांतीत गळून जाते. संशोधकांनी त्या यंत्राला मोकळ्या वेळीही अर्थशून्य संदेश सोडायला लावले, केवळ उपकरणांच्या पोटासाठी. मग १७ फुटांवरचा एक छोटा कॅमेरा बॅटरीविना दर ३५ मिनिटांनी एक छायाचित्र टिपू लागला.

हे बवाजाच्या औदार्यासारखेच आहे, परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे आहे. बवाज स्वतःच्या शेतातले टाकीत होता. वाय-फायची लहर मात्र आपल्या भिंतीपाशी थांबत नाही. चाळीत किंवा सोसायटीत वीस घरांची वीस यंत्रे एकाच हवेत बोलत असतात. आपली उपकरणे पोसण्यासाठी मी अखंड लहरी सोडू लागलो, तर शेजारच्या मुलीचा अभ्यास अडखळेल. त्या संशोधकांनी शेजाऱ्याच्या जाळ्यावर काय परिणाम होतो हेही मोजले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कॅमेऱ्याइतकीच मोलाची वाटते. दानालाही शेजार असतो. आणि मुद्दाम पोसायचेच ठरविले, तर ‘वाया जाणारे वाचविले’ ही भाषा सोडून ‘नवे खर्चिले’ अशी प्रामाणिक भाषा वापरावयास हवी.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. ४ ऑगस्ट १९४५ रोजी मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागले. त्याच्या आत लिऑन थेरेमिन या शास्त्रज्ञाने रचलेला एक ध्वनिग्राहक होता. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. बाहेरून लहर सोडली की तो जागा होई आणि खोलीतील संभाषण त्या लहरीवर चढवून परत पाठवी. लहर थांबली की तो पुन्हा निव्वळ लाकूड. १९५२ सालापर्यंत, म्हणजे सात वर्षे, तो कोणालाही सापडला नाही.

फास्टॅग आणि हे राजचिन्ह यांचे तत्त्व भाऊबंदांचे आहे. एक आपण स्वतः काचेवर लावतो, आपणास ठाऊक असते, काढून टाकता येते. दुसरे न सांगता आपल्या भिंतीवर येते. बॅटरी संपणे ही आपण गैरसोय मानतो. वस्तुतः ती एक मर्यादाही होती. ज्या यंत्राला दर काही महिन्यांनी खाऊ घालावे लागते, त्याची कोणाला तरी आठवण ठेवावी लागते. आणि आठवण ठेवणाऱ्याला जाब विचारता येतो. जे यंत्र कोणी न पोसता वर्षानुवर्षे जागे राहू शकते, त्याची आठवण त्याच्या मालकालाही उरत नाही. घरातील वृद्ध आईच्या खोलीत तिच्या काळजीपोटी असे एखादे उपकरण बसविणे यात वाईट काही नाही. पण तिला ते सांगितले पाहिजे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर काढले पाहिजे. गरीब बाई शेतात सरवा वेचते ती दिवसाउजेडी, सर्वांदेखत. रात्री येऊन वेचणाऱ्याला आपण दुसरे नाव देतो.

असे असता ही विद्या वाढावी काय? आमच्या मते वाढावी. पुलाच्या पोटात, धरणाच्या भिंतीत, शेताच्या मातीत बसविलेल्या मोजणीयंत्रांची संख्या वाढत आहे. प्रत्येकात बॅटरी म्हणजे प्रत्येक बॅटरीचा पुढे कचरा. आपल्या सरकारनेही बॅटरी-कचऱ्यासाठी २०२२ साली स्वतंत्र नियम केले, यावरून प्रश्नाची जात कळावी. ज्या भरता येणाऱ्या बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते, ते बहुतांशी काँगोच्या खाणींतून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. जेथे ६० मायक्रोवॅटमध्ये भागते, तेथे सरव्यावर भागवावे, हे पृथ्वीशी आणि त्या मुलांशीही न्यायाचे आहे.

मात्र नियमशास्त्राने वेचणाऱ्यापेक्षा मालकालाच अधिक सुनावले आहे, हे विसरता कामा नये. कडा कापू नका, ही आज्ञा शेत असलेल्याला आहे. लहरींच्या शेतालाही अशा कडा असतात. सरकार लहरींचे पट्टे लिलावाने कंपन्यांना देते. पण काही पट्टे अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून मोकळे ठेवते. २००५ साली भारताने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा असा मोकळा केला. फास्टॅग त्याच कडेवर उगवला आहे. वाय-फायही अशाच न कापलेल्या कडेवर वाढले. आकाशाची बोली जसजशी चढत जाईल, तसतसा या कडाही कापून घेण्याचा मोह वाढेल. त्या राखाव्यात, असे म्हणणे केवळ अभियंत्यांचे काम नव्हे. विद्यार्थी, शेतकरी, लहान कारागीर यांना जेथे कोणाची मनधरणी न करता पाय ठेवता येतो, अशी जागा आकाशातही असली पाहिजे.

वाचकहो, लहरींवर जगणारे ते चिमुकले यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते. थेंबथेंब साठविते, पुरेसे साठले की उठते, एक माप घेते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा निजते. आपण तसे जगावे असे आम्ही म्हणणार नाही; माणसाला एवढ्यावर भागत नाही आणि भागू नये. पण संध्याकाळी घरातील दिवे, पंखे, वाय-फाय, भरायला लावलेले चार मोबाइल यांवरून एकवार नजर फिरवावी आणि विचारावे, की यातले कोणासाठी चालू आहे आणि कोणासाठीही नाही. जे कोणासाठीच चालू नाही, ते बंद करावे. सरवा मागे ठेवणे हा धर्म आहे. धान्य मातीत कुजू देणे हा धर्म नव्हे.